कंटाळा येईपर्यंत

ऑफिसात माझ्या पलीकडच्या टेबलावर बसणाऱ्या मुलाला विचार करताना पेनाचं बटण दाबायची सवय आहे. टक-टक, टक-टक, चालूच. तीन वर्षं तो शेजारी बसतोय, मला त्याचा कधी त्रास झाला नव्हता. अपघातानंतर दीड महिन्याने मी कामावर रुजू झालो आणि चौथ्या दिवशी दुपारी उठून त्याच्या हातातलं पेन हिसकावलं, भिंतीवर भिरकावलं. मग जिन्यात जाऊन बसलो. हात थरथरत होते, शर्ट पाठीला चिकटला होता आणि तोंडात रक्ताची चव होती. जीभ फिरवून पाहिली, रक्त कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागितली. तोही बिचारा "जाऊ द्या हो" म्हणाला. पण त्या पेनाने माझं एवढं काय बिघडवलं होतं हे त्याला सांगता आलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

अपघात थोडक्यात सांगतो. थोडक्यात सांगता येतो ही आजची गोष्ट, तेव्हा जमत नव्हतं. पावसातली रात्र, ताई गाडी चालवत होती, मी शेजारी. पुढच्या ट्रकने एकदम ब्रेक मारला, ताईने गाडी बाजूला काढायला घेतली, चाकं घसरली, दुभाजकावर आदळून गाडी उलटी झाली. माझ्या कपाळाला तीन टाके पडले, खांदा दुखावला. ताईचा पाय डॅशबोर्डखाली सापडला, मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसवावी लागली. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, थोडक्यात निभावलं. मीही तेच म्हणत होतो.

तिसऱ्याच दिवशी एक समुपदेशक माझ्या खाटेशी खुर्ची ओढून बसले आणि तासभर सगळं पहिल्यापासून वदवून घेतलं. "मन मोकळं करा, हलकं वाटेल." हलकं काही वाटलं नाही, त्या रात्रीपासून झोप मात्र उडाली. झोप त्यांच्यामुळेच उडाली असं मी छातीठोक म्हणणार नाही, कदाचित तशीही उडालीच असती. पण पुढे कळलं की आघातानंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलून घ्यायची ही पद्धत चाचण्यांत टिकली नाही. तिने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो, असं दिसल्यावर जाणकारांनी ती सोडून दिली. पहिले काही आठवडे झोप न लागणं, दचकणं, तेच तेच आठवणं हे जवळजवळ सगळ्यांनाच होतं आणि बहुतेकांचं आपोआप निवळतं. म्हणून तर महिना उलटल्याशिवाय पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर न निवळता टिकून राहणाऱ्या या आजाराचं, निदान करत नाहीत.

माझं निवळलं नाही. रात्री तीनला ठरल्यासारखी जाग यायची. गाडीत बसणं मी बंद केलं, मग गाड्यांच्या रस्त्याने चालणंही टाळू लागलो. मी लेखापरीक्षक आहे, दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका शोधण्यावर माझं पोट. त्या मला एकच पान पाच-पाच वेळा वाचूनही रकमेची बेरीज लागेना. आधी वाटलं हृदयाचं काही असेल. ईसीजी झाला, थायरॉइड तपासून झालं, सगळं ठीक. शेवटी आमच्या डॉक्टरांनीच एका थेरपिस्ट मॅडमचं नाव लिहून दिलं. चिठ्ठी तीन आठवडे पाकिटात होती. पेन भिरकावल्यावर ती बाहेर काढली.

पहिल्या भेटीत मॅडमनी एक फॉर्म दिला. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, म्हणजे जास्तीत जास्त ८०. मला ५२ पडले. साधारण ३१ ते ३३च्या वर गेलं की नीट तपासायला हवं, असं त्या म्हणाल्या. निदान मात्र त्यांनी फॉर्मवरून केलं नाही, दोन भेटी घेऊन केलं. मी म्हटलं, "हा सैनिकांचा आजार ना?" नाव सैनिकांमुळे गाजलं हे खरं. व्हिएतनामहून परतलेल्यांचे हाल बघूनच अमेरिकी मानसोपचारवाल्यांनी १९८० साली तो आपल्या अधिकृत यादीत घातला. पण मेंदू गणवेश बघत नाही, असं मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी मेंदूचं गणित समजावलं. कानशिलाच्या आत, खोलवर, बदामाएवढा अमिग्डाला असतो. धोका दिसला की तो आधी घंटा वाजवतो, मग विचारपूस. ॲड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, स्नायू ताठतात. त्याला लागून हिप्पोकॅम्पस. कुठे घडलं, कधी घडलं, आधी काय आणि नंतर काय, ही नोंद ठेवणं त्याचं काम. आणि कपाळामागे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, जो परिस्थिती बघून घंटा बंद करायला सांगतो. जिवावरच्या प्रसंगात घंटा इतक्या जोरात वाजते की आवाज, वास, स्पर्श पक्के कोरले जातात आणि स्थळ-काळाची नोंद अर्धवट राहते.

मी ते माझ्या भाषेत मांडून पाहिलं. "म्हणजे व्हाउचर आहे, रक्कम आहे, पण तारीख नाही. त्यामुळे अमिग्डाला ते रोज नव्याने मंजूर करतोय."

"रोज नाही, दिवसातून पाच-सहा वेळा," मॅडम म्हणाल्या.

घरी जाऊन मी इंटरनेटवर वाचत बसलो, जे करू नये. आघाताने हिप्पोकॅम्पस आकसतो असं वाचलं आणि पुढच्या भेटीत चेहरा पाडून बसलो. मॅडमनी एक अभ्यास सांगितला, २००२ सालचा. व्हिएतनाममध्ये लढून पीटीएसडी झालेले सैनिक आणि युद्धावर कधीच न गेलेले त्यांचे एकसारखे जुळे भाऊ. हिप्पोकॅम्पस सैनिकांचा लहान निघाला, तसा घरी बसलेल्या भावांचाही. म्हणजे काही अंशी तो मुळातच लहान असू शकतो आणि म्हणून हा त्रास होण्याची शक्यता वाढते. कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे वाटतं तेवढं सरळ नाही. "ट्रॉमाने मेंदू कायमचा बिघडतो" असं कुणी ठणकावून सांगायला लागलं, की मला ते जुळे भाऊ आठवतात.

उपचाराची जी पद्धत आम्ही घेतली तिचं तत्त्व ऐकूनच मला पळून जावंसं वाटलं. डोळे मिटायचे, अपघात आत्ता घडतोय अशा वर्तमानकाळात सांगायचा, शेवटापर्यंत, आणि संपला की पुन्हा पहिल्यापासून. नव्वद मिनिटांच्या सेशनमध्ये तीनदा, चारदा. ते सगळं फोनवर रेकॉर्ड करायचं आणि आठवडाभर घरी रोज ऐकायचं. म्हटलं, "अहो, हे तर त्या समुपदेशकांनी केलंच की!" त्या म्हणाल्या, "त्यांनी जखम उघडली आणि निघून गेले. आपण रोज ड्रेसिंग करणार आहोत." ही तुलना मला तेव्हा पटली नव्हती. फी भरली होती म्हणून बसलो.

पहिल्यांदा सांगताना ट्रकच्या मागच्या लाल दिव्यापर्यंत आलो आणि शब्दच संपले. तोंड उघडं, आवाज नाही. मला वाटलं मी नाटक करतोय. मॅडम म्हणाल्या, होतं असं. १९९६ साली मोजक्या रुग्णांना त्यांचाच प्रसंग ऐकवून मेंदूचं स्कॅन काढलं होतं. तेव्हा अमिग्डालाच्या भागात हालचाल वाढली आणि डाव्या बाजूला बोलण्याशी जोडलेला जो ब्रोकाचा भाग आहे, तिथली मंदावली. भीतीने वाचा बसते म्हणतात, ते शब्दशः खरं असावं.

दर पाच मिनिटांनी त्या विचारायच्या, "आकडा?" शून्य म्हणजे शांत, शंभर म्हणजे आजवरची सगळ्यात मोठी भीती. पहिल्या सेशनला मी ९५च्या खाली आलोच नाही. त्या आठवड्यात स्वप्नं दुप्पट झाली. रेकॉर्डिंग दोनच दिवस ऐकलं, बाकीचे पाच दिवस वहीत खोट्या खुणा केल्या. आयुष्यभर लोकांच्या खोट्या नोंदी पकडणारा माणूस मी. तिसऱ्या सेशनला तर गेलोच नाही, ऑडिटचं काम आहे असा मेसेज टाकला. मॅडमचं उत्तर आलं, "टाळणं हे या आजाराचंच लक्षण आहे, त्यामुळे मी रागावणार नाही. गुरुवारी या." खोट्या खुणांबद्दल मी स्वतःहून सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोन दिवस ऐकलंत ना, तिथून सुरू करू."

याच सुमारास मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिनच्या गोळ्याही सुरू केल्या. गोळ्यांना माझा विरोध होता, विरोध का होता ते मात्र सांगता आलं नसतं. काही आठवड्यांनी झोप जरा सावरली आणि सेशनमध्ये बसण्याइतकं बळ आलं. गोळी मोठी की थेरपी मोठी हा वाद मी सोडून दिला.

चौथ्या बैठकीत आम्ही गाडी उलटी झाल्यानंतरच्या भागावर रेंगाळलो. मी पट्ट्याला लटकतोय, डोकं खाली, अंगठा बकलावर आहे पण बकल सुटत नाही. मॅडम हळूच म्हणाल्या, "काय ऐकू येतंय?"

"पाऊस."

"आणखी?"

मी ऐकायला लागलो. खोलीत बसून नाही, तिथे लटकून. इंजिन बंद पडलेलं होतं. ताईचा आवाज नव्हता. आणि अगदी नियमित, काहीच न झाल्यासारखी, टिक-टिक, टिक-टिक.

"इंडिकेटर," मी म्हटलं. "ताईने वळायला दिलेला इंडिकेटर. तो चालूच आहे."

डोळे उघडले आणि हसू का रडू कळेना. पेन! त्या बिचाऱ्या मुलाचं पेन! माझ्या अमिग्डालाला पेन आणि इंडिकेटर यांतला फरक करायला फुरसत नव्हती. ठरावीक अंतराने येणारा बारीक, कोरडा आवाज एवढंच त्याने ओळखलं आणि घंटा वाजवली. तोंडातली रक्ताची चव त्या रात्रीची होती, जीभ दाताखाली आली होती. बँकेतलं नोटा मोजायचं यंत्र, जिन्यातला खराब ट्यूबलाइट, यांच्याजवळ माझं काय बिनसायचं तेही एका झटक्यात लक्षात आलं. मॅडमनी मात्र लगेच सावध केलं. आठवण म्हणजे कॅमेरा नव्हे, आपण इथे हरवलेले पुरावे उकरायला बसलेलो नाही, प्रत्येक नवा तपशील खराच असेल असं धरून चालू नका. हे त्यांनी सांगितलं म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. सापडलेल्या प्रत्येक गोष्टीवर डोळे मिटून शिक्का मारणारा माणूस आमच्या धंद्यात चालत नाही.

गृहपाठाची यादीही होतीच. बंद उभ्या गाडीत दहा मिनिटं बसणं, आकडा ४०. इंजिन चालू करून बसणं, ५५. पुढच्या सीटवर बसून गल्लीतून फेरी, ७०. उभ्या गाडीत इंडिकेटर लावून बसणं, ८५. चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीतला इंडिकेटर मला जास्त भीतिदायक वाटत होता, यावरून काय ते समजा. पहिल्या दिवशी चार मिनिटांत दार उघडून बाहेर पडलो. नियम असा होता की भीती आपोआप थोडी उतरेपर्यंत बसायचं, मध्येच उठलं की मेंदू शिकतो की पळाल्यामुळे वाचलो. सहाव्या दिवशी पंचवीस मिनिटं बसलो. ती टिकटिक ऐकत, श्वास आत जेवढा घ्यायचा त्याहून सावकाश बाहेर सोडत. शेवटी पाठ दुखायला लागली म्हणून उठलो. घाबरून नाही, पाठ दुखली म्हणून! हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

आता सगळ्यात जड भाग. एक वाक्य मी प्रत्येक वेळी सांगत होतो आणि प्रत्येक वेळी आकडा तिथेच ९० व्हायचा. "मी अर्धा तास काहीच करत नाही. ताई शेजारी तशी पडलीये आणि मी अर्धा तास नुसता लटकतोय." मनात याला शेपूट होतं, की मी भेकड आहे, ताईचा पाय माझ्यामुळे अधू झाला.

मॅडमनी ना धीर दिला, ना "तुमची काही चूक नाही" म्हणाल्या. तसं खूप जणांनी म्हणून झालं होतं. त्यांनी विचारलं, "अर्धा तास कशावरून?"

कशावरून! हा प्रश्न मी दिवसातून पन्नास वेळा इतरांना विचारतो. बिल दाखवा, पावती दाखवा. स्वतःच्या बाबतीत मी पुरावा न बघता एवढी मोठी रक्कम नावे टाकली होती. घरी गेलो आणि कागद काढले. मागून येणाऱ्या गाडीच्या डॅशकॅममध्ये आमची गाडी उलटल्याची वेळ होती ११.४७, ते विम्याच्या कागदांत नोंदलेलं होतं. माझ्या फोनमध्ये रुग्णवाहिकेला लावलेला कॉल होता ११.४९चा. दोन घड्याळांत मिनिटभराचा फरक धरला तरी तीन मिनिटं. उलट्या गाडीत, मुका मार लागलेल्या खांद्याने बकल सोडवून, अंधारात फोन शोधून लावायला तीन मिनिटं.

वेळ अशी का ताणली जाते यावर २००७ साली एक मजेशीर प्रयोग झाला. माणसांना ३१ मीटर उंचीवरून पाठीवर जाळ्यात सोडलं. स्वतःचं पडणं त्यांना दुसऱ्यांच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के लांब वाटलं. पण पडताना मनगटावरच्या यंत्रातले भराभर बदलणारे आकडे त्यांना काही जास्त वाचता आले नाहीत. म्हणजे त्या क्षणी वेळ संथ होत नाही. आठवण इतकी दाट भरली जाते की मागून बघताना लांब वाटते. माझ्या तीन मिनिटांत अर्ध्या तासाचा माल कोंबलेला होता. आणि जे काही सेकंद मी खरंच हललो नाही, ते थिजणं होतं. ससा थिजतो, हरीण थिजतं, तशी माणसातही ती मेंदूच्या खालच्या थरातून येणारी प्रतिक्रिया आहे. तिथे कुणी निर्णय घेत नाही.

पुढच्या सेशनला मी ते वाक्य बदललं. "मी तीन मिनिटांत फोन लावतोय." त्यावर खूप रडलो. आकडा ६० झाला.

आठव्या बैठकीपर्यंत मी ती गोष्ट तोंडाने तीसेक वेळा आणि कानाने त्याहून जास्त वेळा अनुभवली होती. एका संध्याकाळी रेकॉर्डिंग लावून कपड्यांच्या घड्या घालत होतो. गाडी अजून सरळ होती, टेपमधला मी पावसाचं वर्णन करत होतो, आणि माझ्या मनात आलं, अरे, हा किती पाल्हाळ लावतोय, आदळ ना एकदाची! मग हातातला टॉवेल तसाच धरून उभा राहिलो. मला माझ्या अपघाताचा कंटाळा आला होता. पुढच्या सेशनला सांगता सांगता जांभई आली. मॅडमनी "आकडा?" विचारलं, मी म्हटलं वीस. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पहिल्यांदाच मला त्यांचे दात दिसले.

थेरपी म्हणजे ती आठवण पुसून टाकणं असं मला आधी वाटायचं, इतरांनाही वाटतं. तसं होत नाही. आवाज झाला की खाणं येणार असं शिकवलेल्या पावलोवच्या कुत्र्यांपासून हे माहीत आहे की शिकलेली प्रतिक्रिया विझली तरी काही काळाने पुन्हा डोकं वर काढते, भीतीही तशीच, कारण जुनं शिकलेलं तिथेच असतं. त्याच्यावर नवं शिकणं बसवायचं असतं, की टिकटिक झाली आणि काहीही झालं नाही. आमच्या वह्यांचाही हाच नियम. चुकीची नोंद खोडायची नाही, खाडाखोड दिसली की शंका येते. खाली दुरुस्तीची नोंद टाकायची.

सगळ्यांना माझीच पद्धत लागेल असं नाही. बाहेरच्या खुर्च्यांवर ओळख झालेले एक गृहस्थ ईएमडीआर घेत होते. त्यात प्रसंग मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटामागे नजर फिरवायची. १९८७ साली फ्रान्सीन शपिरो या बाईंना फिरायला गेल्या असताना ही कल्पना सुचली. गुण येतो असं चाचण्यांत दिसलंय. गुण डोळे फिरवण्याचा की प्रसंगाला सामोरं जाण्याचा, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने जी शिफारस केली त्यात ईएमडीआरही आहे आणि आघातावर बेतलेली विचार-वर्तन थेरपीही. ते गृहस्थ मला विचारायचे, तेच तेच सांगून वेड नाही लागत? मी विचारायचो, बोट बघून चक्कर नाही येत?

बारा सेशन झाली. शेवटचा फॉर्म भरला तेव्हा १७ गुण. शून्य आला नाही, मला वाईट वाटलं, मॅडमना नाही. वर्षाने पहिला मोठा पाऊस पडला त्या रात्री तीनला जाग आली आणि पुढचे चार दिवस येत राहिली. मी जुनं रेकॉर्डिंग काढून ऐकलं. अर्ध्यावर झोप लागली.

ताईला यातलं काहीच झालं नाही. पाय तिचा मोडला, थेरपी मला लागली. शरीराला किती लागलं यावर हे ठरत नाही. तिला एकदा त्या टिकटिकीबद्दल विचारलं. म्हणाली, "कसली टिकटिक? मला काहीच ऐकू येत नव्हतं. तू ओरडत होतास तेवढं आठवतंय."

"मी? काय ओरडत होतो?"

"माझं नाव. सारखं. शेवटी मीच म्हटलं, अरे जिवंत आहे, फोन लाव."

माझ्या तीस वेळा सांगितलेल्या गोष्टीत हे कुठेच नव्हतं. तिचं बरोबर की माझं, कोण जाणे. मी ते वहीत वेगळ्या शाईने लिहून ठेवलं.

गेल्या महिन्यात ताईने पुन्हा गाडी हातात घेतली. मी शेजारी बसलो. चौकाच्या अलीकडे तिने इंडिकेटर दिला आणि माझा अंगठा आपसूक बकलावर गेला. ताईने पाहिलं, काही बोलली नाही. दिवा लाल होता, टिक-टिक चालू होती. मी आरशात पाहिलं.

"मागे कोणी नाही," मी म्हटलं. "हिरवा झाला की घे."